आबा, पायाकडं बघा!

काष्टीच्या बैलबाजारात माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, नजरेला लई मान होता. बैल लांबून चालत येताना दिसला, की कुठल्या पायात खोट आहे ते आबा तंबाखू मळता मळता सांगून मोकळे. आणि गंमत बघा, ह्याच माणसानं स्वतःच्या पोरीच्या पायाकडं वर्षभर ढुंकून पाहिलं नव्हतं!

माझा डावा पाय जन्मापासून आत वळलेला. नगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन करून तो सरळ केला, तेही फुकट. प्लास्टर निघालं, मी चालू लागले. आई येणाऱ्याजाणाऱ्याला मला चालून दाखवायला लावायची. आबा मात्र मी उठले रे उठले, की गोठ्यात पसार. एकदा आईनं त्यांना चांगलंच फैलावर घेतलं, तेव्हा हळूच म्हणाले, "माझी नजर चुकत न्हाई गं. खोट दिसली तर काय करू? त्यापरीस न बघितलेलं बरं." मी दाराआड उभी होते. मला असा संताप आला, की त्या दिवशी मी आबांशी बोललेच नाही. बापानं बघू नये म्हणून का मी एवढं दुखणं काढलं होतं?

दवाखान्याचे उपकार फेडायला आबा एक शेळी घेऊन नगरला गेले. शेळीनं दवाखान्याच्या अंगणात वाळत घातलेल्या पट्ट्या खाल्ल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शेळी घरी न्या, त्यापेक्षा पोरीला पळायला पाठवा." पोरांच्या वॉर्डात खाटा कमी पडत होत्या. त्यासाठी, ऑपरेशन होऊन बऱ्या झालेल्या पोरांची शर्यत त्या आमच्या काष्टीतच बाजाराच्या दिवशी ठेवणार होत्या. लोकांनी बघावं आणि खुशीनं काय ते द्यावं.

हे दुष्काळ पडायच्या आदल्या वर्षीचं, तेव्हा द्यायला लोकांकडं काहीतरी होतं. पण आमच्या लोकांना ते काही केल्या उमगेना. "पोरं पळणार आन् पैसं आपुन द्यायचं? का, कुत्रं मागं लागलंय का त्यांच्या?" पण शर्यत म्हटल्यावर सगळे गोळा झाले. त्यांना सराव बैलांच्या शर्यतीचा. पळायच्या आधीच कुणीतरी आमच्या कपाळाला गुलाल फासला. एका म्हाताऱ्यानं माझी पोटरी चाचपून "बरी हाय" असा निर्वाळा दिला. डॉक्टरीणबाई शिट्टी तोंडात धरतात न धरतात, तोच मागनं कुणीतरी "हुर्रर्र!" केलं. आम्ही सुटलो, आणि आमच्यासंगं एक खोंडही दावं तोडून सुटला. पहिला नंबर त्याचाच आला.

मी सगळ्यांत मागं. अंगठ्यापासून कमरेपर्यंत ठणका लागलेला, पण पळत होते. शेवटाला दोघांनी जमिनीवर दोरी ताणून धरली होती. शेजारी घोंगडं अंथरलेलं, त्यात लोक बाजरी, गूळ, चिल्लर टाकत होते. आणि आबा? आबा माझ्याकडं पाठ करून एका बैलाचे दात मोजत होते! बैलाचा मालक वैतागून म्हणत होता, "आवो, कितींदा मोजता? वाढत्यात का ते?"

माझं डोकंच फिरलं. दोरीच्या अलीकडं गच्च उभी राहिले आणि ओरडले, "आबा, पायाकडं बघा! तुमी बघितल्याबिगर म्या दोरी वलांडायची न्हाई!"

"अगं, दोन पावलं राहिली, ये की!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"ऱ्हाऊ द्या!"

"कार्टे, लोकं हसत्यात!" आई कळवळली.

"हसू द्या!"

सौदे थांबले. बाजार आमच्याभोवती गोळा झाला. शेवटी त्या मालकानंच बैल ओढून बाजूला घेतला. "आदी पोरीकडं बघा. बैल कुटं पळून चाललाय?"

आबा वळले. तोंड पार उतरलेलं. मी चांगली लांबवर मागं गेले आणि तिथून पळत येऊन दोरी ओलांडली. त्यांची नजर माझ्या टाचेवर खिळलेली. मला वाटलं, आता हे काय सांगतात कोण जाणे!

"टाच आजून जरा उचलतीया," आबा म्हणाले.

"चालून चालून टेकेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आबांनी मान हलवली. मग मला म्हणाले, "परत चाल."

मी चालले.

"आता तिकडनं हिकडं ये."

आले. "आता जरा सावकाश." तशीही चालले. पोरांना खाऊ वाटून झाला, घोंगड्याचं गाठोडं बांधून डॉक्टरीणबाईंच्या मोटारीत गेलं, बाजार उठायला लागला. आणि आमची आपली वरात, इकडून तिकडं, तिकडून इकडं.

"आबा, भूक लागली," मी वैतागून म्हणाले.

आबा तिथंच फुफाट्यात उकिडवे बसले होते. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

"एकदाच गं बाय," म्हणाले. "आजून एकदाच."