तांब्याच्या तपेल्यातलं यीस्ट

माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. आईवर तर मी सगळ्यांत जास्त चिडायचे, कारण ती बिचारी उलटून बोलायची नाही.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी आमच्या जिते गावाहून गाडीने रोह्याच्या कॉलेजात जायचे. प्रोजेक्ट होता ताडीतल्या यीस्टचा. तांब्यासारख्या विषारी धातूची चाहूल त्याला कशी लागते आणि मग ते काय करतं, हे बघायचं होतं. गणपतीच्या सुट्टीआधी फ्रीजमधल्या नमुन्यांवर बुरशी चढली. उरलेलं एवढंसं जिवंत यीस्ट मी गुळाच्या पाण्यात घालून काचेच्या बाटलीतून घरी आणलं. ते मेलं असतं तर माझं वर्ष वाया गेलं असतं.

तिसऱ्या दिवशी बघते तर बाटली रिकामी, धुऊन पालथी घातलेली!

"आये, यातलं काय केलंस?"

"पूजंच्या तपेल्यात ओतलंय गो, परवाच. चिंचेनं घासून ठेवलंवतं. देवाच्या दिवसांत काचंत वास मारत व्हता, तांब्यात शुद्ध ऱ्हातं."

मी कपाळाला हात लावला. आंबलेलं पाणी आणि तांब्याचं भांडं! तांबं उतरून पाण्याला हिरवट झाक आलेली. "तुला काय कळतं गं? अडाणी ती अडाणीच!" आरतीला आलेल्या बायकांसमोर मी ओरडले. आई मान खाली घालून उभी राहिली.

सुट्टी संपल्यावर तरीही तेच पाणी कॉलेजात नेऊन यीस्ट वाढवायच्या प्लेटवर पसरलं. बहुतेक पेशी मेलेल्या. पण दोन दिवसांनी जगलेल्या पेशींचे पाच-सहा पांढरे ठिपके दिसले. त्यांना जास्त तांबं घातलेल्या प्लेटवर ठेवलं, तर तिथंही मस्त वाढले! पेशीत एक प्रथिन असतं. तांबं आत शिरलं की हे प्रथिन त्याला पकडतं आणि एका जनुकाला जागं करतं. मग तांबं बांधून ठेवणारं चिमुकलं प्रथिन भराभर तयार होतं. ज्या पेशींत त्या जनुकाच्या जास्त प्रती असतात, त्या तगतात. आईच्या तपेल्याने नेमक्या त्याच निवडून दिल्या होत्या. घरी धावत येऊन मी तिच्या गळ्यात पडले आणि सगळं सांगितलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "इतकं सोसणारं यीस्ट मिळवलंत कसं?"

खरं ओठांवर आलं होतं. पण चिंच, पूजेचं तपेलं, गुळाचं पाणी... मला लाज वाटली. "प्रयोगशाळेत हळूहळू तांबं वाढवत नेलं," मी ठोकून दिलं.

"शाब्बास!" सर म्हणाले.

घरी आले तर आई दारातच वाट बघत होती. "माझं तपेलं सांगितलंस गो सायबांना?"

"व्हय. शाब्बास म्हणाले."

ती लहान पोरीसारखी लाजली आणि चप्पल न घालताच शेजारी सांगायला गेली. तिचा आवाज मला घरात ऐकू येत होता. मी तिला थांबवलं नाही. आई जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, आणि खरं मी तिला कधीच सांगितलं नाही.