नवी गाडी खोलली तेव्हा

नवी गाडी दारात आली त्याच्या दुसऱ्या दिवशी नवऱ्याने तिचं पुढचं चाक काढलं. सासूबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. मी त्यांना आत्या म्हणते.

"कालच हार घातला न्हवं? आज खोलाय काय झालं तिला?"

"आई, चिखलापाण्यात जायाचीय ती," नवरा म्हणाला. "बेअरिंगला ग्रीस कमी असतंय. आत्ताच भरलेलं बरं."

गाडी माझी होती. कच्च्या वाटेवर चालवायची, उंच, काटेरी टायरांची मोटरसायकल. माझं बालपण कोयनानगरला गेलं. वसाहतीमागून एक पायवाट डोंगरावरच्या सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट खडकाळ पठारावर, जायची. त्या वाटेवरून मी गाडी चालवतेय आणि गाडीचा आवाजच येत नाहीये, असं स्वप्न मला लग्नानंतरही सांगलीत पडायचं. नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो हसला नाही. तो कुपवाडला लेथवर काम करतो. गाडी कोणती घ्यायची ते त्यानेच शोधलं.

तो रविवार आम्ही अंगणातच घालवला. हँडलखालची बेअरिंग खरंच कोरडी निघाली. मी बोटांनी ग्रीस भरत गेले. एअर फिल्टरचा स्पंज तेलात भिजवून, पिळून तारेवर माझ्या साडीशेजारी टांगला. क्लच-ब्रेकचे लिव्हर त्याने मुद्दाम जरा सैल ठेवले. "पडलीस तर फिरत्याल, मोडायचे न्हाईत," तो म्हणाला. मधेच आत्यांना मेथी निवडू लागले, त्यामुळे ऊन उतरेपर्यंत माझ्या हातांना तेलाचा आणि मेथीचा एकत्र वास येत होता.

पुढच्या सुट्टीला आम्ही कोयनेकडे निघालो. तो त्याच्या जुन्या गाडीवर मागे. सड्यावर धुकं होतं. गवत गुडघाभर वाढलेलं, वाट अर्धी दिसत होती. मी सीटवरून उठून पायदानांवर उभी राहिले, तशी गाडी खालून आपोआप वाहत गेल्यासारखी वाटली. आवाज होता, पण धुकं तो लगेच पिऊन टाकत होतं.

मग ओढा आला. मधल्या दगडावरून चाक घसरलं आणि मी कमरेपर्यंत पाण्यात. आभाळ अगदी जवळ दिसलं. भीती वाटली नाही, उठावंसंच वाटेना.

नवरा धावत आला. "लागलं का गं?"

"न्हाई. गाडी बघा आधी."

लिव्हर वळला होता, मोडला नव्हता. हाताने सरळ केला. बऱ्याच खटपटीनंतर इंजिन खोकत चालू झालं.

"माघारी फिरायचं?"

"आवं, पुढं चला," मी म्हणाले.

घरी आल्यावर चिखल धुवायला बसले, तर आत्या जुना दातांचा ब्रश घेऊन शेजारी आल्या. चेन घासू लागल्या. घासता घासता म्हणाल्या, "मागं बसाय येतंय का हिच्यावर?"

दोन दिवसांनी सकाळी त्यांना कृष्णेकाठच्या मातीच्या वाटेने नेलं. त्यांनी माझी कंबर घट्ट धरली होती. नदीपाशी उतरल्या, चपला काढून पाण्यात उभ्या राहिल्या. माझ्या सड्यासारखी त्यांचीही एखादी वाट असेल, असं वाटून मी गाडीपाशीच थांबले. पलीकडच्या काठावर उसाचे तुरे हलत होते, आणि त्या कितीतरी वेळ तिकडेच बघत होत्या.