हे पुस्तक वानखडे काकांनी वाचावं

मॅचिंग सेंटर चालवणाऱ्या बाईकडे दोन गोष्टी आपोआप साठतात. एक म्हणजे कापडाचे तुकडे आणि दुसरे लोकांचे किस्से. तुकडे मी दिवाळीआधी गोधड्या शिवणाऱ्या बायांना देऊन टाकते. किस्स्यांचं काय करायचं ते मात्र आजवर समजलेलं नाही. त्यातले निम्मे तर दुकानातले नाहीतच, आमच्या रविवारच्या मंडळातले आहेत. आज बसलाच आहात तर ऐका.

मंडळ म्हणजे फार मोठं काही समजू नका. अमरावतीत आमच्या दुकानामागच्या गल्लीत एक जुनं वाचनालय आहे. त्याच्या मागच्या खोलीत रविवारी दुपारी आम्ही दहा-बारा जण जमायचो. पूर्वी जो पुस्तक वाचून येई तो त्यावर बोलायचा. देशमुख सर, म्हणजे मराठीचे निवृत्त शिक्षक, एकदा एका पातळशा कवितासंग्रहावर इतकं बोलले की तो संग्रह वाचायला त्याहून कमी वेळ लागला असता. त्याच दिवशी नियम झाला. पुस्तक चांगलं की वाईट ते सांगायचं नाही, ते कोणी वाचावं एवढंच सांगायचं. नाव घ्यायचं, कारण एका वाक्यात द्यायचं आणि खाली बसायचं. ज्याचं नाव निघालं त्यानं पुस्तक मुकाट्यानं घरी न्यायचं आणि पुढच्या रविवारी उभं राहून सांगायचं. नाही म्हणायची सोय नाही.

"एका वाक्यात?" सरांनी विचारलं.

"स्वल्पविराम जरा कमी ठेवा," मी म्हटलं.

सरांनी त्याचा वचपा लगेच काढला. "हा कवितासंग्रह मंगलताईंनी वाचावा, कारण त्या फार रोखठोक आहेत." आता मंगलताई म्हणजे मीच. पुढच्या रविवारी मी उभी राहिले आणि म्हटलं, "पानावर चार ओळी आणि बाकी पान कोरं. असं अर्धं छापलेलं ब्लाउजपीस मी दाखवलं तर गिऱ्हाईक पायरीवरूनच परत जाईल."

सर त्या दिवशी चहा न घेता गेले. त्यातल्या दोन कविता मी दुकानात उभ्या उभ्या परत वाचल्या होत्या. पण ते त्यांना सांगितलं नाही, डोक्यावर बसले असते.

* * *

आमच्यात तिडके नवरा-बायको होते. तिडकेबाईंनी एकदा रागावर ताबा कसा मिळवावा याचं पुस्तक आणलं आणि म्हणाल्या, "हे आमच्या यांनी वाचावं." तिडके पुस्तक घेऊन गेले. पुढच्या रविवारी त्यांनी मौनाचं महत्त्व सांगणारं पुस्तक आणलं. कोणासाठी ते सांगायची गरजच पडली नाही. मग बाईंनी घोरण्यावरचे घरगुती उपाय आणले. मग तिडक्यांनी काटकसरीचे शंभर मार्ग आणले. वाचनालयात आरोग्य आणि संसार या विषयाचं कपाट रिकामं व्हायला आलं, तेव्हा आम्ही दुसरा नियम केला. नवरा-बायकोनं एकमेकांना पुस्तक सुचवायचं नाही.

"मंग आमी बोलाचं कसं?" तिडकेबाईंनी विचारलं.

* * *

रफीकभाईंचं गादीघर आहे. कापूस पिंजणं, गाद्या भरणं, लग्नाच्या सीझनला पोटापुरतं काम. ते मंडळात आले आणि लोकांना एकदम उमाळा आला. पहिल्या रविवारी शायरी, दुसऱ्या रविवारी शायरी, तिसऱ्या रविवारी शायरीचा अनुवाद. चौथ्या वेळी सर उभे राहताच रफीकभाईंनी हात जोडले.

"सर, मी मुसलमान हाय म्हणून मले शेरच पाहजे असं कुठं लिहून हाय? मले कवितेनं झोप येते. आन गादीवाल्याले गादीवर झोप आली का धंदा बसला."

"मग तुम्हाला आवडतं काय?"

"स्वयंपाकाचं पुस्तक."

तर हा माणूस स्वयंपाकाची पुस्तकं कादंबरीसारखी वाचायचा. वरण-भातापासून सुरू करून शेवटच्या मिठाईपर्यंत, एक पान न गाळता. करायचा काहीच नाही. त्यांच्या बायकोनं, शाहीनभाभींनी एकदा सांगितलं, "रोज रात को मेरे को बिर्याणी पढ के सुनाते और खिचडी खाते."

* * *

आता वानखडे काकांकडे येते. सगळे किस्से शेवटी त्यांच्यापाशीच जातात.

काका आमचे शेजारी, चांदूर रेल्वेकडच्या एका जिनिंग फॅक्टरीत मॅनेजर होते. रोज सकाळच्या गाडीनं जायचे, संध्याकाळी कपड्यांवर कापसाचे तंतू घेऊन यायचे. नलूकाकू त्यांना दारातच झटकून मग घरात घ्यायच्या. मग ती वाईट वर्षं आली. कापसाला भाव राहिला नाही, पाऊस हुलकावण्या देऊ लागला, फॅक्टरी आधी एक पाळी चालली आणि मग बंद झाली. रोज सकाळी पेपर उघडायची भीती वाटावी असे ते दिवस होते. अमुक गावी अमक्यानं जीव दिला, तमुक गावी तमक्यानं. ज्यांचा कापूस वर्षानुवर्षं गाड्या भरून काकांच्या गेटवर यायचा त्यातलीही काही नावं त्यात असायची. काका पेपर वाचायचे, घडी घालायचे आणि खिडकीपाशी बसायचे. बोलणं हळूहळू थांबलंच.

एक दिवस नलूकाकू दुकानात आल्या. काही घ्यायला नव्हे, नुसत्याच. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मंगल, मी कुंड्याईले माराचं औषध फेकून देल्लं. वाळत घालाची दोरी बी सोडून टाकली."

त्यांच्या गच्चीत कपडे कठड्यावर वाळत घातलेले मी पाहिले होते आणि मनात म्हटलंही होतं की काकू आळशी झाल्या. मला स्वतःची लाज वाटली.

"यायले काही वाचाले द्या तुमी लोकं," काकू म्हणाल्या. "मी देल्लं तर तुमच्या रुलात बसत नाई."

* * *

तेव्हापासून आमच्या मंडळाला एकच काम राहिलं. काकू काकांना दर रविवारी घेऊन यायच्या, काका कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचे आणि कोणीतरी उभं राहून म्हणायचं, "हे पुस्तक वानखडे काकांनी वाचावं."

पहिला मान सरांचा. त्यांनी निसर्गकवितांचा जाडजूड संग्रह दिला. "कारण निसर्गात मन रमतं." पुढच्या रविवारी काका उभे राहिले.

"वाचलं," ते म्हणाले आणि बसले.

सरांनी विचारलं, "कसं वाटलं?"

"वाचलं."

सरांनी जन्मभर पोरांना थोडक्यात उत्तरे लिहायला लावली होती, पण एवढं थोडक्यात त्यांना कोणी दिलं नसावं. घरी जाताना मला म्हणाले, "ताई, मी शिक्षक म्हणून कमी पडलो बहुतेक." मला पहिल्यांदाच त्यांना टोमणा मारावासा वाटला नाही.

मग पाटील साहेब. हे अकोल्याहून यायचे, कुठल्याशा बियाणे कंपनीत एरिया मॅनेजर. माणूस भला, पण कायम ट्रेनिंगहून नुकताच आल्यासारखा. त्यांनी नेतृत्वावरचं पुस्तक दिलं. "कारण काकांकडे मॅन मॅनेजमेंटचा दांडगा अनुभव आहे." काकूंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी चहाची किटली उचलून उगाच बाहेर गेले. फॅक्टरी बंद पडलेल्या माणसाला माणसं कशी सांभाळावी याचं पुस्तक! पाटलांना मी जिन्यातच गाठणार होते.

पण काकांनी ते पुस्तक वाचलं. पेन्सिल घेऊन वाचलं. रविवारी उभे राहिले आणि कितीतरी दिवसांनी सबंध वाक्य बोलले.

"याच्यात लिहिलं हाय, सगळ्या माणसाईले संगं घेऊन चाला. संगतचे माणसं कामाले पुण्या-मुंबईले निंगून गेले तं काय कराचं, थे नाई लिहिलं."

पाटील साहेबांनी मान खाली घातली. म्हणाले, "काका, आमच्या कंपनीनंही मागच्या महिन्यात आमचं अर्धं ऑफिस कमी केलं. उरलेल्यांना हेच पुस्तक वाटलं."

काका त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग हसले. मोठ्यानं नाही, पण हसले. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि माझा पाटलांवरचा राग गेला.

* * *

माझी पाळी आली तेव्हा मी नाटक दिलं. एका खोलीत नवरा-बायको दोनच पात्रं, तीन अंक नुसती वादावादी. कारण दिलं, "कविता मनात वाचता येते, नाटकाला तोंड उघडावं लागतं."

चार-पाच दिवसांनी काकू दुकानात आल्या, चेहरा कसनुसा.

"दुपारी मी मागं भांडे घासून राहिली होती. तं समोरच्या खोलीतून बाईचा आवाज. म्हटलं आमच्या घरात बाई कोण आली? जाऊन पायते तं हेच. चष्मा लावून, पुस्तक हातात. नवऱ्याचं बोलणं आपल्या आवाजात आन बायकोचं बारीक आवाज काढून. माय, मंगल, थो आवाज माहा होता."

"तुमचा?"

"हुबेहूब. 'आता तरी ऐकता काय' म्हणून मी म्हणते ना, तसाच हेल. मी अशी बोलते काय वो?"

मी म्हटलं, "पुढं काय झालं ते सांगा."

पुढं असं झालं की नाटकातली बायको चहा घेऊन येते असं काहीतरी आलं आणि काका थांबले. काकूंना वाटलं ही संधी आहे. त्यांनी पटकन चहा टाकला, कप घेतला आणि खोलीत गेल्या. काकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "आता नाई. तुही एंट्री पुढच्या पानावर हाय."

"मग?"

"मंग काय, मी कप घेऊन दाराबाहीर उभी राहिली."

* * *

त्यानंतरच्या रविवारी रफीकभाई उभे राहिले, हातात अर्थातच स्वयंपाकाचं पुस्तक. "हे काकानं वाचावं. याच्यात सगळं मोजून-मापून लिहिलं हाय, पण मीठ चवीपुरतं. चव घेतल्याबिगर माणसाले पुढं सरकताच येत नाई."

कारण एकाहून जास्त वाक्यांचं झालं होतं, पण कोणी अडवलं नाही. काकूंचा चेहरा मात्र उतरला. मला कळलं का ते. काकांनी जन्मात स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं आणि त्या दिवसांत काकू सुरी, विळी सगळं वर डब्यामागे ठेवायच्या. गॅस झोपताना खालून बंद करून दोनदा बघायच्या.

बुधवारी भर दुपारी काकू आल्या आणि स्टुलावर बसल्या. "भाजी कराची म्हणतात. मले म्हणे तू बाहीर जा, तू समोर असली का मले सुदरत नाई. मंगलच्या दुकानात जाऊन बस म्हणे."

"आणि तुम्ही आलात?"

"सुरी काढून देल्ली आन आली."

रफीकभाई उशांच्या अभ्ऱ्यांचं कापड घ्यायला आले होते. त्यांनी हे ऐकलं आणि कापड तसंच गल्ल्यावर ठेवलं. "काकू, मीच देल्लं थे पुस्तक. मी जाऊन पाहून येऊ काय? सहज आलो म्हणीन."

"नाई," काकू म्हणाल्या. "पाहाले पाठवलं हे यायले लगेच समजन. मंग हे कायीच करणार नाईत."

मग आम्ही तिघं बसून राहिलो. एक गिऱ्हाईक राणी कलरचं अस्तर मागत होतं, मी मरून कलरचं दाखवलं, तिनं तेच नेलं. काकू कटपीसच्या घड्या मोडून परत घालत होत्या. रफीकभाई दारात उभं राहून रस्त्याकडे बघत होते. मला फार भीती वाटत होती. असली पुस्तकं देत फिरायची आम्हाला काय गरज होती, असं वाटत होतं.

फोन वाजला. मी घाईनं उचलला तर काकांचा आवाज. "नलूले दे." काकूंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"हळद? हळद खालच्या डब्यात. स्टीलच्या. अवो, पिवळी असते थे."

फोन ठेवला आणि आमच्याकडे बघून म्हणाल्या, "इतके वर्षं झाले लग्नाले. माणसाले हळद माईत नाई." रफीकभाई हसले नाहीत, स्टूल ओढून बसले.

थोड्या वेळानं पुन्हा फोन. आता जिरं आणि शहाजिरं यांत फरक काय ते हवं होतं. काकूंनी तो समजावून सांगितला. "तेल लई तापवू नोका," म्हणाल्या, "आन हात सांभाळा." आवाज अगदी रोजचा होता, डोळे मात्र भरलेले.

रिसीव्हर ठेवला न ठेवला तोच तिसऱ्यांदा वाजला. तिकडे कढईत काय चाललं असेल ते देव जाणे, म्हणून मी झटक्यानं हात पुढे केला. काकूंनी माझं मनगट धरलं. घंटा ऐकताना त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला होता.

"उचलू नोको," त्या म्हणाल्या. "वाजू दे थोडा."