सावडीची भाकरी

मी मॅट्रिक पास झाले तेव्हा कडावच्या बाजूच्या आमच्या वाडीत तिथवर पोचलेली दुसरी मुलगी नव्हती. आईने घरोघर गूळ वाटला आणि मी दिवसभर नाक वर करून हिंडले. हेडमास्तरांनी फीमाफीचे कागद करून दिले. पुण्याच्या मावशीने निरोप धाडला की राहायला ये, आमच्यातलेच चार घास खा. पैशाचा घोर असा मिटला, तरी माझं मन काही निघेना. आमच्यावर कर्ज होतं, पण ते पैशाचं नव्हतं.

आमच्याकडे भाताची लावणी सावडीने व्हायची. आज सगळ्यांनी आमच्या शेतात राबायचं, उद्या आम्ही त्यांच्या. ज्याचं शेत, त्याने दुपारी सगळ्यांना जेवू घालायचं. कोणाचं किती देणं राहिलंय हे कोणी तोंडाने काढत नसे. सावड मागणं म्हणजे समोरच्याची अब्रू काढणं.

आदल्या वर्षी ऐन लावणीत बाबांच्या अंगावरून वारं गेलं. आई त्यांच्याजवळ कर्जतच्या दवाखान्यात, घरी मी आणि धाकटा भाऊ. सकाळी उठून बघते तर सावडीतल्या सातही घरची माणसं आमच्या शेतात उतरलेली. दुपारी ती बांधावर बसली आणि त्यांनी आपापल्या फडक्यातली भाकरी सोडली. आमच्या शेतात राबून माणसं स्वतःची भाकरी खातात, याची मला इतकी लाज वाटली की मी आत जाऊन रडले. श्रावणात बाबा गेले. त्या साली आमच्या घरचं कोणीही कोणाच्या शेतात गेलं नाही.

म्हणजे सात घरांचं देणं राहिलं. भाऊ लहान, आणि आईचा दमा पावसात जोर करायचा.

"तू जा गं. मी फेडीन सगळ्यांचं," ती म्हणायची आणि म्हणता म्हणता खोकायची. मला तिचा रागच यायचा. ती एकटी गुडघाभर चिखलात सात घरी वाकलेली, आणि मी पुण्यात पुस्तक उघडून बसलेली, हे डोळ्यांपुढून हलत नव्हतं. जेवण जाईना, झोप लागेना. प्रवेशाची मुदत संपायच्या दिवशी मी भरलेली ट्रंक रिकामी केली आणि आईला सांगितलं, "मी नाय जात." ती चुलीकडे तोंड करून बसली.

लावणी लागली तशी मी एकेका घरी राबायला गेले. सगळे माझ्याशी जरा जपूनच बोलत. पाठ मोडून यायची, पण देणं उतरतंय याचं बरं वाटायचं. शेवटचं शेत शेजारच्या काकींचं. दुपारी जेवायला बसलो तेव्हा काकींनी माझ्या भाकरीवर चटणी वाढली आणि हळूच विचारलं, "कालेजात नाव नाय लागलं का गं तुजं?"

"लागलं व्हतं. पण तुमची सगळ्यांची सावड व्हती ना, काकी."

काकींनी चटणीचं भांडं खाली ठेवलं. "कसली सावड? आमी तुमच्या घरची भाकर खाल्ली व्हती का? आमची आमी आणली ती कशाला मग? सावड लागू नये म्हणूनच ना? तुज्या बापासाठी केलं ते. त्याची सावड कोण धरील गं?"

तेव्हा मला उमगलं. कॉलेजने मला घेतलं नाही असंच सगळे समजले होते, आणि विचारून दुखवायचं कशाला म्हणून गप्प राहिले होते. मी समजत होते, देणं आहे म्हणून गप्प आहेत. मला संताप आला, त्यांचा, माझा, अख्ख्या वाडीच्या त्या गप्प बसण्याचा. तरी मी पानातली भाकरी संपवली आणि उरलेली लावणी पुरी केली.

संध्याकाळी आईला सांगितलं.

"भाकर त्यांची त्यांनी आणली व्हती? मग तू मला सांगितलं का नाय गं?"

"लाज वाटली," मी म्हणाले.

पुढच्या सालापर्यंत मावशीच्या घरात सून आली, जागा उरली नाही. वैशाखात माझं लग्न झालं. सासरी न्यायला तीच ट्रंक काढली. आई एकेक लुगडं घडी करून तिच्यात ठेवत होती आणि पदराने डोळे पुसत होती.