कुलूप कशानं तोडलं

सध्या मला मारामारीचं वेड लागलंय, अर्थात टेबलावरच्या. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातलं एकेक पात्र व्हायचं आणि वार लागला की हुकला हे फाशानं ठरवायचं, असा हा खेळ. राक्षस, खजिने, जादूटोणा सगळं करून झालं आणि मला त्याचा वीट आला. आता मी लढाया रचतो. त्यात माणसं साधी असतात आणि मोडलेलं हाड मोडलेलंच राहतं. नियम माझाच आहे: काय केलं आणि कशानं केलं, हे बोलल्याशिवाय मी फासा मोजत नाही. बायको म्हणते, चाकणला कामावर आठवडाभर गुमान वागतोस आणि रविवारी तुझ्या अंगात येतं. येतं, खरंच येतं.

मोशीच्या आमच्या फ्लॅटवर रविवारी दुपारी दोन दोस्त येतात. दापोडीचा एका कंपनीत पत्रा दाबायची प्रेस मशीन चालवायचा, तळेगावचा त्याच कंपनीत फिटर आहे, मूळचा बीडकडचा. त्यांच्याकडे मशिनीत हात घालणारा आधी मेन स्विचला स्वतःचं लाल कुलूप लावतो आणि किल्ली खिशात ठेवतो. कुलूप लटकतंय तोवर मशीन सुरू करायची नाही. गेल्या वर्षी दापोडीवाल्याचा हात आत असताना प्रेस खाली आली. उजव्या हाताची तीन बोटं गेली. त्याचं कुलूप पॅनलखाली कापलेलं सापडलं. कोणी कापलं, ते कोणी बोललं नाही. तेव्हापासून तो एकच विचारतोय: कोण? त्याशिवाय त्याला दुसरं काही सुचत नाही.

गेल्या रविवारी मी खिंडीतला किल्ला मांडला. साखळ्यांवर टांगलेला सुळ्यांचा दरवाजा, तो वरखाली करणारा रहाट. पायऱ्यांवर रक्ताचा नुसता चिखल झाला होता. बायकोच्या तिरंदाजाचा खांदा फुटला होता, फिटरच्या घणानं दोन पहारेकऱ्यांची डोकी फोडली होती. मी रंगात आलो होतो. दरवाजाखाली एक जखमी कैदी अडकला होता. दापोडीवाला म्हणाला, "मी आत शिरतो. रहाटाला कुलूप लावलं, किल्ली माझ्या कमरेला."

आम्ही हसलो. किल्ल्यातही कंपनीची शिस्त!

तेवढ्यात मी पलीकडून शत्रूची तुकडी सोडली. फिटर घाईनं पुढं सरकला. "दार पाडतो त्यांच्यावर. कुलूप तोडलं."

"अरे, तो आत आहे," बायको म्हणाली.

"निघाला असंल की आतापर्यंत."

"कशानं तोडलंस?" मी नियमाप्रमाणे विचारलं.

"कटरनं."

माझ्या किल्ल्यात कुऱ्हाडी होत्या, घण होते, पहारी होत्या. बायको खळखळून हसली. "कटर कुठनं आणलास रे?"

फिटर हसला नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. दापोडीवाला त्याच्याकडे बघत राहिला, मग उठला, आणि पुढच्या क्षणी टेबल उलटं झालं होतं. त्यानं डाव्या हातानं फिटरची गचांडी धरून त्याला भिंतीवर आपटलं आणि उजव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांनी, तळव्यानं, मनगटानं, जमेल तसं तोंडावर मारायला लागला. फिटरचं नाक फुटलं. रक्त शर्टावर आलं. त्यानं हात वर केला नाही.

"सायेब म्हनले, आत कुनी नाही, लाइन चालू कर," तो कसाबसा म्हणाला. "म्या इचारलं होतं भावा. दोनदा इचारलं."

"कुलूप होतं ना? कुलूप आहे म्हणजे मी आत आहे! तुला माहीत नव्हतं?"

"व्हतं."

दापोडीवाल्याचा हात थांबला. तो धापा टाकत होता. "महिनाभर दवाखान्यात तू मला भरवत होतास," तो म्हणाला. "रोज विचारायचो तुला, कोणी केलं असेल. तू घास पुढं करायचास."

फिटरनं डोळे मिटले. दापोडीवाल्यानं पुन्हा मारायला सुरुवात केली. बायको ओरडली, सोडव त्यांना. मी सोडवू शकलो असतो. जागचा हललो नाही.