छायाचा सा

आमच्या ह्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. भाजीत मीठ जास्त पडलं इथपासून नणंदेनं काय टोमणा मारला इथपर्यंत सगळं मी त्या माणसाला सांगितलं. हे नाही सांगितलं. मुलाला नाही, सुनेला नाही. देवापुढं हात जोडले आणि हे मनात आलं की मी डोळे उघडते आणि निरांजनातली वात सारखी करत बसते. हे वाचणाऱ्या तुम्ही कोण, कुठल्या, मला माहीत नाही. म्हणूनच जमेल कदाचित.

पण आधी पेटीचं सांगते. नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी उंब्रजला गेली कितीतरी वर्षं मुलींना गाणं शिकवते. गाणं म्हणजे काय — सा रे ग म, पलटे, टाळी देऊन ताल, चार भजनं. आमचं घर हायवेच्या जवळ, ट्रकच्या हॉर्नमध्येच आमचा अभ्यास चालायचा. गावात मला सगळे "पेटीवाल्या बाई" म्हणतात. आता या पेटीवाल्या बाईंना पेटी कुणी शिकवली? कुणीही नाही. माहेरी देवळात भजन व्हायचं, बायकांनी मागं भिंतीकडेला बसायचं. मला तिथून पेटीवाल्याची बोटं दिसायची. घरी येऊन मी जेवायच्या पाटावर कोळशानं पट्ट्या काढायची, पांढऱ्या-काळ्या, आणि त्यावर बोटं चालवायची. आवाज नाही, काही नाही. आई ओरडायची, "अगं, पाट कशाला काळा केलास, त्यावर बसायचं हाय माणसांनी!" ह्यांनी लग्नानंतर मिलिटरीतून सुट्टीवर येताना मिरजेहून खरी पेटी आणली तेव्हा माझी बोटं तयारच होती. बसले आणि भजन वाजवलं. हे नुसते बघत राहिले.

तर त्या भजनातला पेटीवाला काळी चारला सा धरायचा. चौथी काळी पट्टी. तिथून पुढं रे कुठं, ग कुठं, हे माझ्या बोटांत बसलं ते कायमचं. आणि मी काय समजत होते सांगू? मी समजत होते की सा म्हणजे तीच पट्टी. जशी विहीर गावात एकाच जागी असते, तसा सा पेटीत एकाच जागी असतो. हसाल तुम्ही. गाणारा प्रत्येक गळा आपला सा आपल्या जागी घेतो, कुणाचा वर, कुणाचा खाली, आणि पेटीनं त्याच्याकडं जायचं असतं — हे गाण्यातलं पहिलं अक्षर. मी ते न शिकताच शिकवायला बसले होते.

बहुतेक मुलींचं भागायचं. लहान पोरींचे आवाज बारीक, काळी चारला चढायच्या. ज्या चढत नव्हत्या त्या चार दिवसांत यायच्या बंद व्हायच्या. मी म्हणायची, हिला आवड नाही.

मग छाया आली.

दहा-अकरा वर्षांची असेल. तिचे वडील कवठे महांकाळकडचे. आजोबापर्यंत सगळे मेंढरांमागं फिरलेले, हे उसाच्या ट्रकवर ड्रायव्हर होऊन आमच्या गावात राहिलेले. मुलीला घेऊन आले, चप्पल बाहेर काढून दारातच उभे. "आवं बाई, हिला गाण्याचा लय नाद हाय. दिसभर गुणगुणती. आमी मेंढरामागची माणसं, आमचा आवाज लांब जातूय, पण ग्वाड कुठला असणार! तुमी बघा काय हुतंय का."

आवाज जाड होता तिचा. घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा. खालचे सूर कसेबसे लागायचे, पण वर प, ध, नी, आणि वरचा सा — तिथं फाटायचा. पोरी फिदीफिदी हसायच्या. मी पण, खोटं कशाला बोलू, मी पण हसायची. "जा गं, घसा साफ करून ये." ती बिचारी मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायची, ज्येष्ठमध चघळायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळ्यात आधी येऊन सतरंजी घालायची.

दोन वर्षं आली ती अशी. दोन वर्षं फाटत गाणं सोपं नसतं.

एके दिवशी दुपारी मी आत कणीक मळत होते. बाहेर छाया सतरंजी घालत होती आणि आपल्याशीच सारेगम म्हणत होती. मी काही लक्ष देऊन ऐकत नव्हते. पण माझा हात थांबला. तिनं सा खूप खाली घेतला होता, तिला बसेल तिथं, आणि तिथून एकेक सूर वर जात होता — कसं सांगू — जात्यातनं पीठ पडावं तसा, सरळ, एकसारखा. कुठं फाटलं नाही, काही नाही. वरच्या सापर्यंत गेली आणि तिथं थांबली. ती थांबलीय की सूरच थांबलाय, कळेना.

त्या क्षणी मला समजलं. सा म्हणजे काय ते. कणकेच्या हातानंच, स्वयंपाकघरात उभी राहून.

इथं मी थांबले असते, जवळ जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवला असता, तर ही गोष्टच नव्हती. मी काय केलं? हात धुतले, बाहेर आले, पेटीपुढं बसले. "म्हण पुन्हा." तिनं सा लावला. मी तो पेटीवर शोधला. तो निघाला पांढरी तीनला, तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर. ठीक. मग मी तिच्याबरोबर वाजवायला गेले आणि माझी बोटं वेड्यासारखी झाली. रे सापडला. ग सापडेना. तिचा ग नेमका काळी चारवर होता — ज्या पट्टीला मी जन्मभर सा म्हणत आले, तीच तिचा ग. माझं बोट तिथं जाईचना. शेजारच्या पांढरीवर पडलं.

छाया थांबली. तिरकं नाही हो, अगदी भाबडेपणानं म्हणाली, "बाई, ग चुकला."

तोवर दोघी-तिघी पोरी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं.

मी भाता बंद केला. म्हणाले, "ग न्हाई चुकला. तुझा सा चुकलाय. सा काय तुझ्या घरचा हाय, पाहिजे तिथं घ्यायला?"

पोरी खो खो हसल्या. छाया पण हसली थोडी, पोरं हसतात तशी, आपल्यावर हसणाऱ्यांबरोबर.

मला तेव्हा कळत होतं. हे लक्षात ठेवा. न कळता बोलले असते तर मी आज हे लिहीत बसले नसते.

पुढं तर आणखी वाईट. मिरजेकडच्या एक गाणाऱ्या बाई कराडला आल्या होत्या, कुणीतरी त्यांना आमच्या घरी आणलं. एखादी गुणी मुलगी मिळाली तर घरी ठेवून शिकवायची त्यांची इच्छा होती. राहायचं, खायचं, शाळा, सगळं त्यांच्याकडं. गावात कालवा झाला. छायाचे वडील त्या दिवशी गाडीवर गेले नाहीत, इस्त्रीचा शर्ट घालून ओसरीच्या कडेला येऊन बसले.

छाया एकटी गायली असती तर तिच्या सावर मला पेटी धरावी लागली असती. आणि मला ती धरता येत नव्हती. त्या बाईंना दोन सुरांत कळलं असतं की इथं शिकवणारीलाच काही येत नाही.

मी छायाला शेवटच्या ओळीत बसवलं, हातात टाळ दिले. वाकून तिच्या कानात सांगितलं, "तू नुसते ओठ हलव. आवाज काढू नको. सगळ्यांचं बिघडंल."

तिनं मान हलवली. आणि तसंच केलं. तास-दीड तास ती पोर माझ्याकडं बघत ओठ हलवत होती. टाळ मात्र चुकला नाही कुठं. त्या बाईंचं लक्ष गेलं. विचारलं, "ती मागची मुलगी? तालाला फार पक्की आहे. तिचं ऐकू या ना एकटीचं."

मी म्हणाले, "ती कच्ची आहे अजून. आत्ताच यायला लागलीय."

छाया ऐकत होती. तिचे वडील ऐकत होते. दोन वर्षं रोज येणाऱ्या मुलीबद्दल शिकवणाऱ्या बाईच असं म्हणाल्या, तर काहीतरी कारण असेल, असं त्यांना वाटलं असणार. उठताना मला हात जोडून म्हणाले, "असूं दे बाई. तुमी तरी काय करणार, देवानं गळाच तसला दिलाय." त्या मिरजेच्या बाईंनी कुणालाच नेलं नाही.

छाया त्यानंतरही यायची. आणि मी सांगितलं नव्हतं तरी रोजच ओठ हलवायची. मला दिसत होतं. मी "आता म्हण" असं एकदाही म्हणाले नाही. पोरी हसायच्या थांबल्या, वर्ग सुरात गायला लागला. मला ते बरं वाटत होतं. हे पण सांगून टाकते.

तुम्ही म्हणाल, बाई शिकलेली नव्हती, लाज वाटली असेल, घाबरली असेल. नका म्हणू. कारण त्याच पावसाळ्यात, दुपारी दार लावून, मी पांढरी तीन बसवली. मग पांढरी चार. मग काळी दोन. एकदा किल्ली सापडल्यावर कुलपं काय, सगळी सारखीच. दिवाळीपर्यंत मी कुठल्याही मुलीच्या सावर वाजवायला लागले होते. छाया तेव्हा समोर बसलेली होती, तिसऱ्या ओळीत, टाळ घेऊन. मी नव्या मुलींना त्यांचा त्यांचा सा दिला. तिला दिला नाही. तिला दिला असता तर आधी का दिला नाही, हे आलं असतं ना? दहावीनंतर तिचं लग्न झालं, परत कवठे महांकाळकडंच दिली. लग्नात मी पातळ नेसून मिरवले, मुलीकडच्या मानाच्या बाई म्हणून.

लोक आता काय म्हणतात माहिताय? "उंब्रजच्या बाईंना गळ्याची लय पारख. पोरगीनं तोंड उघडलं की सा कुठं हाय ते सांगत्यात." मी ऐकते आणि पदर सारखा करते.

हे सगळं मी पोटात ठेवून मेले असते. पण या मे महिन्यात छाया आली. माहेरपणाला, लेकीला घेऊन. अंगानं भरलीय, केसांत एक-दोन पांढरे, हसणं तेच. लेक ईश्वरी, आठ-नऊ वर्षांची, तोंडानं अखंड चालू. "बाई, सुट्टीभर हिला शिकवा. हिला लय नाद हाय," छाया म्हणाली. अगदी वडिलांसारखं.

ईश्वरी म्हणाली, "आईला गायला येत न्हाई. झेंडावंदनाला शाळेत आली ना, तर नुसतं तोंड हलवत हुती. मी बघितलं."

"गप गं, भवाने!" छायानं तिला चापट मारली आणि आम्ही दोघी हसलो. मी हसले, बरं का.

पोरीला म्हटलं, म्हण बघू काहीतरी. तिनं तोंड उघडलं. तोच आवाज. जाड, खालचा, घागरीतला. मी पेटी ओढली, पांढरी तीनला सा दिला. पोरगी त्याच्यावर जाऊन बसली, जशी गाय आपल्या दाव्याला जाते तशी. रे, ग, म. माझं बोट काळी चारवर ग म्हणून अलगद गेलं.

आणि मागून छाया घाईघाईनं म्हणाली, "बाई, खाली नगा घेऊ. काळी चारलाच घ्या. आत्ताच वळण लावा. न्हाईतर माझ्यासारखा तिचा पण सा चुकायचा."

घरात आम्ही तिघीच होतो. सून बाजारात गेली होती. हायवेसुद्धा नेमका शांत होता. आणखी काय पाहिजे होतं मला?

मी म्हणाले, "आता नवीन पद्धत आलीय गं. ज्याचा त्याचा सा धरत्यात."

"व्हय?" छाया म्हणाली. बोटानं सतरंजीचा दोरा ओढत होती. "आमच्या येळंला नव्हती व्हय ही?"

माझ्याकडंच बघत होती ती.

"नव्हती," मी म्हणाले.

"असूं दे," छाया म्हणाली. "हिला तरी मिळंल." मग लेकीच्या पाठीत हळूच ढोसलं, "बघत काय बसलीस? बाईंच्या पाया पड." पोरगी पडली. तिच्यामागं छाया स्वतः उठली, पदर खांद्यावरून घेतला आणि वाकली. कपाळ टेकवलं माझ्या पायांवर, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

मी पाय मागं घेतले नाहीत.