उरवड्याचे रोमन खड्डे आणि बांधावरचा दगड

सकाळी माहेरहून भावाचा फोन आला. "आक्का, आपल्या रानात रोमच्या लोकांचं खड्डं घावल्यात. बघाया लोक येत्यात. तू बी ये." मी विचारलं, कुठल्या रानात? तो म्हणाला, "बांधाकडच्या."

पुढचं ऐकलंच नाही. चपात्यांची कणीक मळलेली होती, ती तशीच झाकली आणि निघाले.

त्या बांधाजवळ माझी मुलगी पुरलेली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी झालं. चार दिवसांची होऊन गेली, पाचवीसुद्धा पुजली नव्हती. एवढं लेकरू जाळत नाहीत, पुरतात, आणि बाईनं तिथं जायचं नसतं. वडील घेऊन गेले. सोळा वर्षांचा सुदाम, माझा भाऊ, कुदळ घेऊन मागं गेला. वर दगड ठेवलाय, एवढंच मला सांगितलं. तीस वर्षं झाली, माहेरी गेले की लांबून तो दगड बघून येते.

जाणाऱ्यांनी ऐका. बावधनहून चांदणी चौकात या आणि पौडकडं जाणारी बस धरा. सकाळी लवकर निघा, नाहीतर भुगाव-भुकूममध्ये डंपरांच्या मागं धूळ खात बसाल. पिरंगुटला उतरून उरवड्याची वडाप जीप मिळते. वीस रुपये घेतात आणि माणसं पोत्यासारखी कोंबतात. स्टँडजवळ मिसळ खाऊ नका, नुसतं तेल असतं.

जीपमध्ये हाच विषय चालला होता.

"सोनं घावलं म्हनं उरवड्याला," ड्रायव्हर म्हणाला.

"कसलं सोनं! कुत्र्याची हाडं हायेत," कंपनीत कामाला निघालेली एक बाई बोलली.

"कुत्र्यासाटी पुण्यासनं येवढी मानसं?"

"तू मेल्यावर कोन येतंय का बघ."

सगळे हसले. मी दांडी धरून बसले होते.

रान ओळखूच येईना. दोऱ्या लावून, चुन्याच्या रेघा मारून चौकोन पाडलेले. त्यात चार गोल खड्डे, कमरेइतके खोल. तिकीट नाही, सावली नाही, पाणी आपलं आपण न्या. कॉलेजच्या एक मॅडम होत्या, माझ्या सुनेच्या वयाच्या. चांगलं समजावून सांगतात. म्हणाल्या, इथून कोकणात उतरायची जुनी वाट होती. रोमहून बोटीनं दारूचे रांजण यायचे आणि बैलांवर लादून घाट चढायचे. "हा विधी आपल्याकडचा वाटत नाही. खाली चुना, त्यावर कुत्रं, त्यावर पालथं मडकं आणि वर रोमन रांजणाचा फोडलेला कान. नवस असावा."

वाकून बघितलं. कुत्रं कुशीवर निजल्यासारखं. दोन हजार वर्षांचं, आणि दातसुद्धा जागच्या जागी.

"लेकराची हाडं सापडली का?" मी विचारलं.

"नाही, ताई."

जीव भांड्यात पडला. दगडही बांधावर होता, दोऱ्या तिथवर गेल्या नव्हत्या. चहा घेऊन परत फिरणार होते. तेवढ्यात टेबलावर बिस्किटाचा पत्र्याचा डबा दिसला.

"ह्यात काय?"

"ते अलीकडचं. आमच्या कामाचं नाही."

गुटख्याची पुडी, बाटलीचं बूच, पाइपचा तुकडा. आणि तांब्याच्या तारेत ओवलेली मनगटी. अकरा मणी काळे, एक लाल. काळे कमी पडले म्हणून आईनं एक लाल घातला होता. ती ओवत होती तेव्हा मी बाळाला घेऊन बाजेवर पडून बघत होते.

मॅडमनी जागा दाखवली. पहिल्या चौकोनाचा कोपरा. दगडापासून वीस पावलं लांब.

"सुदाम, दगड कुनी हलवला?" मागं उभ्या भावाला मी विचारलं.

तो पायानं माती उकरायला लागला. "पाइपलाइनीला चर काढताना आड येत हुता. उचलून बांधावर ठिवला."

"कवा?"

"झाली सा-सात वर्सं."

"आन् मला सांगितलं न्हाईस?"

"तू लांबनंच बगतीस, आक्का. म्हनलं, दगड दिसला म्हंजी झालं."

सात वर्षं मी मोकळ्या दगडाला हात जोडले.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, तिथं हाडं नव्हती. आपल्याकडची माती आंबट. कोवळं हाड राहत नाही."

"कुत्र्याचं बरं राहिलं!"

"त्याला चुना होता."

आम्ही मीठ घालतो. चुना घाला असं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

"त्या कोपऱ्यातली माती कुटंय?"

प्रत्येक चौकोनाची माती चाळून वेगळा ढीग करायची त्यांची पद्धत. पहिल्या चौकोनाचा ढीग रस्त्याजवळ होता आणि त्याला ट्रॅक्टर लागलेला. सुदामनं ती माती शेजाऱ्याला भाड्याच्या खोल्यांच्या भरावाला देऊन टाकली होती. निम्मी गेलीसुद्धा होती.

मी ट्रॅक्टर बाजूला घ्यायला लावला आणि घमेलं उचललं.

"आक्का, बायांनी ह्यात हात..."

"गप. बाप्यांनी केलेलं दिसलं की."

मॅडम म्हणाल्या, त्या कोपऱ्यातलं त्यांचं काम झालंय. मी तिथं माती ओतत राहिले. मग सुदामनंही घमेलं घेतलं. घरातून मीठ आणवलं. मॅडमनी रेघा मारायच्या चुन्याची पिशवी पुढं केली. आता काय राखायचं होतं? तरी टाकला. वर बाभळीचे काटे घातले, आणि सुदामनं पहार लावून दगड लोटत आणला.

दिवेलागणीला बावधनला पोचले. कणीक आंबली होती, टाकून दिली. मनगटी मातीत घातली नाही. जवळ ठेवलीय. माझ्या दोन बोटांत बसते, तिसरं जात नाही.

खड्डे बघण्यासारखे आहेत. आठवडाभर उघडे ठेवणार आहेत, जायचं तर जा. रस्त्याला लागून शेजाऱ्याच्या नव्या खोल्यांचं जोतं दिसेल, ताजी लाल माती भरलेलं. उंच आहे, वरून चारी खड्डे दिसतात. लोक फोटो काढायला त्यावरच उभे राहतात.

तुम्ही त्यावर चढू नका.